साक्ष द्यायची, तर पूर्ण द्या

ऐरोलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ओळख पटेल असे तपशील गाळून पत्राचा मुख्य भाग येथे देत आहे.

“आदरणीय ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझे वय 46. दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनात गाठ हाताला लागली आणि कर्करोगाचे निदान झाले. खारघरला आधी केमो, मग शस्त्रक्रिया आणि शेवटी रेडिएशन असे उपचार झाले. तिसऱ्या केमोच्या आदल्या बुधवारी आमच्या बिल्डिंगमधल्या प्रार्थनासभेत सगळ्या भगिनींनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. डोक्यापासून छातीपर्यंत ऊब उतरत गेल्यासारखे मला वाटले, मी खूप रडले, आणि त्या रात्री दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले. पुढे शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये कर्करोगाच्या पेशी उरलेल्या नाहीत असे आले. डॉक्टर म्हणाले, केमो चांगली लागू पडली. सभेचे ब्रदर म्हणाले, हा चमत्कार आहे. पुढच्या महिन्यात ठाण्याला मोठी आरोग्यदान सभा आहे. तिथे मी साक्ष द्यावी असे त्यांचे म्हणणे आहे, आणि पत्रकावर माझा फोटोही घालायचा आहे. मात्र साक्षीत औषधांचा उल्लेख नको, त्याने लोकांचा विश्वास डळमळतो, असे ते सांगतात. मी अजून रोज टॅमोक्सिफेनची गोळी घेते. तीही विश्वासाने सोडावी असे त्यांनी सुचवले आहे. खरे सांगायचे तर त्या गोळीने अंगातून वाफा निघतात, रात्री कपडे भिजतात, त्यामुळे मलाही मोह होतो. पण दुसरी गोष्ट मला जास्त छळते. आमच्याच सभेतली घणसोलीची माझी मैत्रीण, वय 38, याच आजाराने ईस्टरच्या आधी गेली. तिच्यासाठीही तेवढीच प्रार्थना झाली होती. अंत्यविधीच्या दिवशी कोणीतरी तिच्या आईला म्हणाले की, तिचा विश्वास कमी पडला असावा. तेव्हापासून मी त्या माउलीकडे गेलेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ? आणि माझ्या बाबतीत जे घडले, ते खरे होते का?”

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करावी असे मनात होते. पण तुम्ही हे उत्तर वाचत असाल तेव्हा कदाचित रात्र झालेली असेल आणि गोळी घ्यायची वेळही झाली असेल, म्हणून आधी तेच लिहिते. गोळी थांबवू नका. आज घ्या, उद्या घ्या, आणि ती कधी बंद करायची हे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या. तुम्हाला टॅमोक्सिफेन दिली आहे, त्याअर्थी तुमची गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढणाऱ्या प्रकारची होती. रिपोर्टमध्ये पेशी दिसल्या नाहीत याचा अर्थ जी गाठ काढली, तीत त्या सापडल्या नाहीत. शरीरात दुसरीकडे एखादी चुकार पेशी लपून राहिलेली नाही, याची हमी कोणताही रिपोर्ट देऊ शकत नाही, आणि या प्रकारचा आजार पाच-दहा वर्षांनीही परत डोके वर काढू शकतो. पेशीत इस्ट्रोजेन ज्या जागी येऊन चिकटते, ती जागा टॅमोक्सिफेन अडवून बसते, म्हणजे इस्ट्रोजेनला तिथे शिरकाव मिळत नाही. अनेक देशांतल्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षे ही गोळी घेतलेल्या अशा स्त्रियांमध्ये पुढच्या पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झालेले आढळले. इतके मोठे संरक्षण कोणाच्या सूचनेवरून सोडायचे नसते, मग ती सूचना कितीही भक्तिभावाने केलेली असो.

अंगातून वाफा निघणे ही लहानसहान तक्रार आहे असे मी म्हणणार नाही. मी तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. रात्रीतून दोनदा गाऊन बदलून सकाळी डोळे चोळत ड्युटीवर येणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत. पण ही तक्रार सभेत सांगण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ बदलून पाहता येते, वाफांवर वेगळे औषध देता येते, आणि मासिक पाळी कायमची थांबली असेल तर दुसऱ्या प्रकारच्या गोळीचाही विचार होऊ शकतो. तसेच पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा एखाद्या पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा. मनावर निराशेचे सावट येत असेल, तर तेही लपवू नका. मात्र त्यासाठीचे औषध कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नका, कारण त्यांपैकी काही औषधे टॅमोक्सिफेनचे काम मंदावतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. होय, तुमच्या बाबतीत जे घडले ते खरे होते. ती ऊब खरी होती, ते रडणे खरे होते, दोन महिन्यांनी लागलेली झोप खरी होती. मी स्वतः ख्रिस्ती आहे, नगरकडच्या मराठी मंडळीत वाढले आहे, आणि देव आजाऱ्याच्या उशाशी येतो यावर माझा मनापासून विश्वास आहे. त्या बुधवारी प्रभू तुमच्याजवळ आला होता, असे तुम्ही म्हणालात तर मी त्यावर वाद घालणार नाही, उलट तुमच्याबरोबर आभार मानीन. माझे म्हणणे इतकेच आहे की, तो बुधवारी आला आणि शुक्रवारी केमोच्या खुर्चीजवळ आला नाही, असे मानायला पवित्र शास्त्रात कोणताही आधार नाही.

हिज्कीया राजाची गोष्ट तुम्ही बालपणी रविवारच्या शाळेत ऐकली असेल. तो मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, त्याने प्रार्थना केली, आणि देवाने त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षांची भर घातली. सभांमध्ये ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण एक वाक्य बहुधा गाळले जाते. देवाचा निरोप घेऊन आलेला तोच यशया संदेष्टा पुढे सांगतो की, अंजिरे आणून गळवावर बांधा. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा विसावा अध्याय काढून पाहा. वचन देणारा देव आणि अंजिराचे पोटीस एकाच प्रसंगात आहेत, आणि राजाचा विश्वास डळमळेल म्हणून यशयाने पोटीस लपवले नाही. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे लिहिले आहे. त्या काळी तेल हे घराघरांतले औषध होते, येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओतला. प्रेषित पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटले, तो व्यवसाय सोडून दे असे सांगितल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. आपल्या महाराष्ट्रात मिरजेला 1894 मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिशनचे इस्पितळ उभे केले ते याच समजुतीने, आणि त्या इस्पितळाने वाचवलेली माणसे आजही अनेक मराठी कुटुंबांना ठाऊक आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दहा कुष्ठरोगी येशूला हाका मारतात, तेव्हा तो त्यांना सांगतो, ‘जा, स्वतःला याजकांना दाखवा.’ मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्वचेवरचा चट्टा तपासून माणूस शुद्ध झाला की नाही हे ठरवणे याजकाचे काम होते. म्हणजे बरे करणारा स्वतः प्रभू असतानाही त्याने तपासणी टाळली नाही. आज ते काम तुमच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांकडे आहे, आणि त्यांच्याकडे नियमित जाणे हीदेखील प्रभूची आज्ञा पाळण्याचीच एक रीत आहे, असे मी मानते.

कॅथलिक बांधवांकडे पाहिले तरी हेच दिसते. फ्रान्समधल्या लूर्द येथे 1858 मध्ये बर्नादेत या मुलीला मरियेचे दर्शन झाले, आणि तेव्हापासून लाखो आजारी तिथे जात आले आहेत. बरे झाल्याचे दावे तपासणारे डॉक्टरांचे एक कार्यालय तिथे 1883 पासून आहे. बरे झाल्याच्या हजारो नोंदी तिथे झाल्या, पण चर्चने चमत्कार म्हणून मान्यता दिलेल्या घटना सुमारे सत्तर आहेत. ज्या आजारावर गुणकारी उपचार झाले होते, त्यातून बरे होणे चर्चच्या कसोटीत बसत नाही. त्या कसोटीने पाहिले तर तुमचे बरे होणेही ‘चमत्कार’ या शब्दात बसणार नाही. तरीही तुम्ही लूर्दच्या एखाद्या धर्मगुरूंना विचारले असते, तर देव तुमच्याजवळ नव्हता असे ते कधीही म्हणाले नसते. चमत्कार हा शब्द जपून वापरणाऱ्यांचा विश्वास कमी असतो, हा समज आपल्या सभांमध्ये कुठून शिरला हे मला कळत नाही, पण तो घातक आहे. व्हॅटिकनने 2000 साली आरोग्यासाठीच्या प्रार्थनांविषयी सूचना काढल्या, त्यांतही अशा सभांमध्ये उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना थारा नसावा असे स्पष्ट सांगितले आहे.

साक्षीविषयी. साक्ष हा शब्द आपण मंडळीत इतका वापरतो की तो न्यायालयातला शब्द आहे हे विसरायला होते. साक्षीदाराने जे पाहिले ते सांगायचे असते, सगळे सांगायचे असते, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणायचे असते. योहानाच्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध आठवा. परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपुढारी, त्याला येशूविषयी उलटसुलट विचारतात, त्याच्या आईबापांना बोलावतात, त्याच्या तोंडून हवे ते वदवून घेऊ पाहतात. तो म्हणतो, येशू पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण मला एक गोष्ट ठाऊक आहे की मी पूर्वी आंधळा होतो आणि आता मला दिसते. त्याने स्वतःच्या अनुभवात काही भर घातली नाही आणि कोणाच्या दडपणाने त्यातले काही कमीही केले नाही.

तुम्हाला साक्ष द्यावीशी वाटत असेल, तर मोकळ्या मनाने द्या. त्या बुधवारची ऊब सांगा. त्याचबरोबर किती केमो झाल्या, शस्त्रक्रिया कधी झाली, रेडिएशनसाठी रोज खारघर गाठताना पतीने कामाच्या वेळा कशा बदलल्या, हेही सांगा. हाताच्या शिरा आखडून गेल्या होत्या तेव्हा कोमट पाण्याची पिशवी मनगटावर धरून शांतपणे शीर शोधणारी एखादी सिस्टर तुम्हाला भेटली असेल, तर तिचेही आभार माना, कारण माझ्या अनुभवात त्या पाच मिनिटांत रुग्ण जितकी मनापासून प्रार्थना करतो, तितकी क्वचितच कुठे करतो. आणि मी आजही रोज गोळी घेते, हे वाक्य साक्षीत नक्की असू द्या. त्या सभेत कदाचित अशी एखादी बाई बसलेली असेल, जिला आठवड्यापूर्वीच गाठ लागली आहे आणि जी अजून डॉक्टरकडे गेलेली नाही. तुमची अर्धी साक्ष ऐकून ती घरी गेली आणि सहा महिने थांबली, तर त्या सहा महिन्यांत काय होऊ शकते हे तुमच्याइतके कोणाला कळणार?

औषधांचा उल्लेख करू देणार नसतील, तर नम्रपणे नकार द्या. ब्रदरांच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. ते तुमच्यासाठी रात्री जागले असतील, आणि त्यांचे ते ऋण तुम्ही मानता हे योग्यच आहे. पण ऋण फेडण्यासाठी आपल्या जिवाचा किंवा सत्याचा भाग तोडून द्यायचा नसतो. फोटोच्या बाबतीत तर सरळ नाही म्हणा. कर्करोग बरा करण्याच्या दाव्यांच्या जाहिरातींवर 1954 च्या केंद्रीय कायद्यात बंधने आहेत, आणि तथाकथित चमत्कारांचे प्रयोग करून त्यांच्या प्रचाराने लोकांना फसवणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तुमच्या ब्रदरांची ती वाट आहे असे मी म्हणत नाही. तरीही तुमचा चेहरा ‘कर्करोगातून मुक्त’ अशा ओळीखाली ठाण्याच्या स्टेशनबाहेर वाटला गेला, तर तो कागद पुढे कोणाच्या हाती पडेल आणि कोणत्या कामाला येईल, यावर तुमचे नियंत्रण राहणार नाही. हे बोलणे जड जात असेल, तर पतीला बरोबर घेऊन जा, किंवा तुमच्या मूळ मंडळीच्या पाळकांना आधी भेटा.

आता मैत्रिणीच्या आईविषयी. तुमच्या पत्राचा हा भाग मी सर्वांत जास्त वेळा वाचला.

माझी धाकटी बहीण एकोणीस वर्षांची असताना आजारी पडली. आमच्या घरी, ठाण्यातल्या दोन खोल्यांत, चाळीस दिवस उपास-प्रार्थना चालली. ती गेली. चौथ्या दिवशी मंडळीतल्याच एका गृहस्थांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन विचारले की, घरात कोणाचे काही कबूल न केलेले पाप आहे का. वडील काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कित्येक महिने ते उपासनेला शेवटच्या बाकावर बसत आणि प्रभुभोजनासाठी पुढे जात नसत. त्या एका प्रश्नाने माझ्या वडिलांचे जे नुकसान केले, ते बहिणीच्या मृत्यूनेही केले नव्हते. त्याच दिवसांत शेजारच्या आगरी काकू रोज संध्याकाळी येत, फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकरी ओट्यावर ठेवत, आईच्या शेजारी थोडा वेळ जमिनीवर बसत आणि निघून जात. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्या काय बोलल्या यातला एकही शब्द मला आठवत नाही, पण भाकरीचे ते निळ्या काठाचे फडके अजून डोळ्यांसमोर आहे.

विश्वास कमी पडला, हे वाक्य शास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले, आणि काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. आपला सोबती त्रफिम याला आजारी असतानाच मिलेत शहरात ठेवून आलो असे तोच लिहितो, आणि दुसरा सोबती तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असे सुचवतो. पौलाचा विश्वास कमी पडला, असे कोणी म्हणेल का? जन्मांधाकडे पाहून कोणी पाप केले असे शिष्यांनी विचारले, तेव्हा याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही, असे येशूने स्पष्ट सांगितले. ज्या प्रश्नाला प्रभूने नकार दिला, तोच प्रश्न माझ्या वडिलांना विचारला गेला आणि वेगळ्या शब्दांत तुमच्या मैत्रिणीच्या आईलाही ऐकवला गेला.

आपल्या मराठी घरातलेच उदाहरण हवे असेल, तर पंडिता रमाबाईंचे घ्या. 1883 मध्ये त्या वैद्यकाचे शिक्षण घ्यायच्या आशेने इंग्लंडला गेल्या, पण त्यांची ऐकण्याची शक्ती क्षीण होत चालली होती आणि त्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेचे मोठे संजीवन, म्हणजे विश्वासाची जागृती, झाले, शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थना करत असत. त्या सगळ्या प्रार्थनांच्या मध्यभागी असलेल्या रमाबाईंचे बहिरेपण गेले नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्याआधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत होत्या, आणि ते काम त्यांनी 1922 मधल्या आपल्या मृत्यूपूर्वी तडीस नेले. त्यांच्या विश्वासाचे मोजमाप त्यांच्या कानांवरून करण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

तुम्ही जगलात हा तुमचा अपराध नाही, भगिनी, आणि ती गेली हा तिचा अपराध नाही. दोघींची गाठ एकाच नावाची असली, तरी तिचा प्रकार, ती कधी लक्षात आली आणि औषधाला तिने कसा प्रतिसाद दिला, यांत मोठा फरक असू शकतो. वैद्यकाला त्यातले बरेचसे सांगता येते. उरलेले माझ्याजवळ नाही, आणि ते आपल्याजवळ आहे असे कोणी तुम्हाला सांगत असेल तर त्याच्यापासून जरा दूर राहा.

घणसोलीला जा. या आठवड्यातच जा, कारण जितका उशीर होईल तितके त्या दारापर्यंतचे अंतर वाढत जाईल. ब्रदरांना किंवा सभेतल्या कोणाला बरोबर नेऊ नका. पवित्र शास्त्रातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, आणि तोवर ते उत्तम मित्र होते, पुढे त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली तेव्हा सारे बिघडले. तुम्हीही कारणे सांगू नका. लेकीच्या आठवणी तुमच्यापाशी आहेत त्या सांगा: केमोच्या दिवशी ती काय डबा आणायची, केस गेल्यावर तिने स्कार्फ कसा बांधला होता, कशावर हसायची. आईला आपल्या लेकीचे जे दिवस ठाऊक नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहेत, आणि ते देण्यासारखे आहेत. ‘विश्वास कमी पडला’ या वाक्याचा विषय त्यांनी काढला, तर ते बोलणे चुकीचे होते आणि तुम्हाला त्याचे दुःख आहे, एवढे स्पष्टपणे सांगा. माझी लेक गेली आणि तू कशी राहिलीस, असे त्यांनी विचारले, तर मला ठाऊक नाही असे उत्तर द्या आणि तिथेच बसून राहा. त्या रडल्या किंवा रागावल्या, तरी लगेच उठू नका. आणि निघताना, पुढच्या वेळी कधी येणार तो वार त्यांना सांगून या.